दोन बस सोडणारा माणूस

थांब्यावर दोन बस सोडून तिसरीची वाट बघणाऱ्या एका निरपराध माणसाला मी पाकीटमार म्हणून ठाण्यात आणलं. ती घटना आजही आठवते. विसरलोच तर आठवण करून देणारा कात्रजला राहतो.

माझ्या सेवेचं शेवटचं वर्ष. कात्रजहून शहरात येणाऱ्या बसमध्ये रोज सकाळी बायकांच्या पर्स साफ होत होत्या. तपास माझ्याकडे, मदतीला एक महिला हवालदार. मागच्याच गुन्हे आढावा बैठकीत उपायुक्तांनी या बाईंचं सगळ्यांसमोर कौतुक केलं होतं. टाळ्या मीही वाजवल्या, पण त्या मलाच आठवडाभर झोंबत होत्या.

थांब्यासमोरच्या चहावाल्याने टीप दिली. "साहेब, एक जण रोज मोबाईलमध्ये डोकं घालून उभा असतो. दोन बस सोडतो, मग तिसरीत चढतो."

बाई म्हणाल्या, "सर, दोन दिवस द्या. बस तर मीपण सोडते."

मला त्यातलं एवढंच ऐकू आलं की दोन दिवसांनी पुन्हा यांचंच कौतुक. दुसऱ्या सकाळी बाईंना न सांगता जीप काढली आणि माणूस उचलला. खडकीच्या एका सरकारी कारखान्यातला पन्नाशी उलटलेला कामगार निघाला.

"बस का सोडल्यास?"

"गुडघा धरतो, साहेब. उभं राहवत नाही."

"आणि तिसरीत जागा असेल, हे तुला कोणी सांगितलं?"

"कुठली बस कुठवर आली, ते मोबाईलवर दिसतं की. मागची बस दोन मिनिटांवर होती. पुढची सगळ्यांना भरून नेते, मागची रिकामी येते. रोज जाणाऱ्याला कळतं."

"पोलिसांना शिकवतोस?"

"नाही, साहेब. पण अटक दाखवलीत तर निलंबित होईन. चारच वर्षं राहिलीत नोकरीची."

मी अटकेचे कागद करायला सांगितले. उपायुक्तांना फोन लावायला हात शिवशिवत होते.

तेवढ्यात बाई आल्या. अंगावर साधी साडी, सोबत एक टापटीप तरुण, दोन पंच आणि पर्स छातीशी धरलेली एक प्रवासी बाई.

"सर, पर्समध्ये हात असतानाच धरला. मोबाईल हाही बघायचा. मागोमाग दोन बस दिसल्या की गच्च भरलेली पकडायचा, रिकामी सोडायचा. बसायला जागा सोडून गर्दीत घुसणारा प्रवासी मी तरी पाहिला नाही."

मी तो कसा पाहणार? बाई रोज बसने ड्युटीला येत. मी बसमध्ये शेवटचा चढलो तो कॉलेजात असताना.

अटकेचे कागद मी स्वतः फाडले. कामगाराची माफी मागितली आणि जीपने कारखान्यात सोडतो म्हणालो.

"नको," तो म्हणाला. "पोलिसांच्या जीपमधून गेटवर उतरलो तर उरलीसुरली अब्रू जाईल. बसनेच जातो."

पुढच्या बैठकीत टाळ्या पुन्हा बाईंनाच. संशयिताची झडती घेण्याआधी आपण कोणावर जळतोय ते बघावं, एवढं मी त्या प्रकरणातून शिकलो. शिकलो खरा, पण निवृत्तीला सहा महिने उरले असताना.

आता माझ्याही मोबाईलवर ते बस दाखवणारं ॲप आहे आणि माझाही गुडघा धरतो. परवा कात्रजला एक भरलेली बस सोडून दुसरीची वाट बघत होतो. ती रिकामी आली, तरी मी आपला मोबाईलमध्येच. मागून ओळखीचा आवाज आला,

"चढा, साहेब. आणखी एक सोडलीत तर तुमच्यासारखा कोणीतरी येऊन उचलून नेईल."