सिस्टरच्या दोन खोल्या

घर बघायला गेल्यावर सिस्टर आधी संडास बघायच्या. मालक फरशीचं, खिडक्यांचं, नळाला येणाऱ्या पाण्याचं कौतुक सांगत असायचा आणि सिस्टर चप्पल काढून सरळ मागच्या बाजूला चालू लागायच्या. उंबरा किती उंच, कमोड आहे का, उठताना धरायला भिंत जवळ आहे का, एवढं पाहून झालं की मग येऊन बसायच्या. मालकाचा चेहरा उतरलेला दिसला की म्हणायच्या, "हॉल पाहुन्यांसाठी असतो, भाऊ. माझे गुडघे पाहुने न्हाईत."

सरकारी दवाखान्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण जालन्यातल्या आमच्या कॉलनीत त्यांना दुसऱ्या नावानं कोणी हाक मारली नाही. माझी दोन्ही मुलं त्यांच्या हातावर जन्मली. शेजारचं त्यांचं घर दुमजली. नवरा एसटीत होता. दोघांनी पगारातून एकेक खोली वाढवत ते उभं केलं होतं. नवरा गेला, मुलगी रेखा लग्न होऊन पुण्याला गेली, तरी वरच्या रिकाम्या खोल्या त्या दर रविवारी पुसून घ्यायच्या. एका रविवारी बादली गडगडल्याचा आवाज आला म्हणून मी धावले, तर सिस्टर मधल्या पायरीवर बसलेल्या, साडी चिंब. "हाड न्हाई मोडलं," त्यांनी मी विचारायच्या आधीच सांगून टाकलं. "पर आता बास. घर विकायचं."

रेखा म्हणाली, पुण्याला ये. सिस्टर फोनवर हो-हो म्हणाल्या आणि फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, "तिच्याकडं मी चहा टाकायला उठले तरी ती म्हन्ते, आई, तू बस. किती बसू?"

मोठं घर लगेच विकलं गेलं. दिवाळीनंतर ताबा द्यायचं ठरलं. आम्हाला वाटलं, लहान घर मिळायला कितीसा वेळ लागणार? पण सगळ्यांचा डोळा लहान घरांवरच होता. कारखान्यातल्या कामगारांना भाड्यानं द्यायला म्हणून बाहेरगावचे लोक दोन खोल्यांची घरं न बघताच घेत होते. आम्ही रिक्षातून उतरावं तर दारात आधीच तिघाचौघांच्या चपला. सिस्टर मागून बघून येईपर्यंत कोणीतरी इसार देऊन मोकळा झालेला असायचा. एजंट वैतागून म्हणायचा, "सिस्टर, जल्दी करा. लोक उभ्या उभ्या घेऊन राह्यले." परतताना त्या रिक्षात गुडघा चोळत बसायच्या.

एक घर मात्र त्यांना मनापासून आवडलं होतं. पुढं छोटं अंगण, जवळच दवाखाना. मालकीणबाई गोड बोलल्या, चहा टाकला. व्यवहाराचं जवळजवळ ठरलं तेव्हा त्यांनी विचारलं, "पूर्ण नाव काय म्हणालात?" सिस्टरांनी सांगितलं, सुमन साळवे. बाईंनी चहा दिला, पण त्या समोर बसल्या नाहीत. "ह्यांना विचारून कळवते," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी एजंटानं सांगितलं, ते घर गेलं. पुढं कितीतरी दिवस 'घर विकणे आहे' ही पाटी त्या फाटकावर तशीच होती. ती बघून मी चिडले. सिस्टर चिडल्या नाहीत. थकलेल्या आवाजात एवढंच म्हणाल्या, "बाळ अडलं तव्हा कुनी आडनाव विचारलं न्हाई."

त्यानंतर त्या फाटकातच उभ्या राहून सांगायच्या, "मी सुमन साळवे, जयभीमवाली. चालत असंल तर आत येते. न्हाई तर गुडघ्याला उगा तरास नको." कोणी खजील होऊन या या म्हणायचं, कोणाचं घर तेवढ्यात गेलेलं असायचं.

मस्तगडच्या गल्लीतल्या घरी पोचलो तेव्हा ताबा द्यायला आठवडाच उरला होता. घर टेलरचाचांचं. चाचा आणि त्यांची बायको, खाला, नांदेडला मुलाकडे चालले होते. सिस्टरांनी फाटकात आपलं नेहमीचं वाक्य म्हटलं. आतून खाला भिंतीला धरत धरत आल्या आणि हसल्या. "अंदर आव. घुटने मेरे भी ऐसेच हैं."

इथंही आणखी दोन गिऱ्हाइकं होती. त्यातलं एक जास्त पैसे द्यायला तयार होतं, पण त्याला घर ताबडतोब रिकामं हवं होतं आणि खालांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन इथंच ठरलेलं. सिस्टरांनी खालांचे डोळे उजेडाकडे वळवून पाहिले. म्हणाल्या, "डोळ्याच्या कामात घाई नको. दोन्ही डोळे बराबर होऊ द्या, मंग जा. मी थांबते."

मला राहवलं नाही. "सिस्टर, तुम्ही कुठं थांबणार? तुमचं घर तर पुढच्या आठवड्यात जातंय!"

चाचांनी कात्री चालवायच्या टेबलावर हात टेकले. मग म्हणाले, "दो कमरे हैं. सामने का तुम लेव, पीछे हम रहते."

असे ते तिघं दोन महिने त्या दोन खोल्यांत राहिले. सिस्टर खालांच्या डोळ्यांत औषध घालायच्या, खाला चाचपडत फोडणी द्यायच्या आणि मीठ कमी पडलं तरी बोलणी चाचाच खायचे. नांदेडला निघताना खाला आपल्या नव्या नजरेनं सिस्टरांचं तोंड जवळून बघत राहिल्या. "तू तो बहोत थकेली दिखती गे," म्हणाल्या.

त्या खरंच थकल्या होत्या. ते घर त्यांना वर्षभरही लाभलं नाही. उन्हाळ्यात एका दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्या नाहीत.

खाला नांदेडहून आल्या. दिवस झाल्यावर आम्ही तिघी पुढच्या खोलीत बसलो होतो. रेखाला पुन्हा रडण्याचा कढ आला. "एवढ्या थोड्या दिवसांसाठी आईनं किती धडपड केली! किती जणांचं ऐकून घेतलं! माझ्याकडं सुखात राहिली असती."

खालांनी तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

"बेटी, शाम को अपने दरवाजे की कडी अपने हात से लगाती थी वो," त्या म्हणाल्या. "और कोई उसको बैठ नहीं बोलता था."

रेखाच उठली आणि आईच्या स्वयंपाकघरात चहा टाकायला गेली.