कोरपन्याहून आलेली पत्रिका

आलापल्लीत मी संगणकाचा वर्ग चालवते. सकाळी मुलं यायच्या आधी नेटवर्क आणि संगणक-सुरक्षेच्या बातम्या वाचायची माझी जुनी सवय. कुठल्या राऊटरमध्ये भगदाड सापडलं, चोरांनी कोणती नवी युक्ती काढली, सगळं. बातम्या इंग्रजीत असतात. एकेका शब्दाशी झटत वाचते. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, यावरून नेहमी हसायचे.

"इथी आभाळ आलं का नेट जाते, नि तू दुनियेची काळजी करून राह्यली!"

हसू देत. जंगलात राहतो म्हणून चोराला आमचा नंबर सापडत नाही, असं थोडंच आहे?

मोठेबाबांच्या मुलीचं लग्न कोरपन्याला ठरलं. एका सकाळी व्याह्यांच्या फोनवरून आम्हा सगळ्यांना पत्रिका आली. नाव पत्रिकेचं, पण फाईल फोटोची नव्हती; फोनमध्ये ॲप बसवणारी होती. हीच युक्ती मी नुकतीच वाचली होती. उघडली की फोन चोराच्या ताब्यात, आणि तीच फाईल आपोआप ओळखीच्या सगळ्यांना.

मी तडक मोठेबाबांकडे गेले. "उघडू नका. सगळ्याइले सांगावं लागन."

"काय सांगशीन? व्याह्याची पत्रिका खोटी हाये म्हणून? लग्न मोडाचं हाये का तुले?"

"व्याही खोटे नाईत, फाईल खोटी हाये. त्याइले फोन तं लावा."

"सोयऱ्याले असं इचारत नसतात. तू चूप राह्य."

चूप राहिले नाही. त्यांच्यासमोरच घरच्या ग्रुपवर लिहिलं: 'कोरपन्याहून आलेली पत्रिका कोणीबी उघडू नका. उघडली असन तं नेट बंद करा नि माह्याकडं या.'

मोठेबाबा ताडकन उठले. "माह्या घराची पायरी चढू नको आता."

मी अंगणात आले तेव्हा डोळे भरले होते. तरी तिथूनच व्याह्यांना फोन लावला.

"बाई, म्या काईच पाठवलं नाई," ते घाबरून म्हणाले. "मंघापासून मेसेज आपल्या मनानंच जाऊन राह्यले. काय करू?"

नेट बंद करा, ते ॲप काढा, बँकेला आणि पोलिसांना कळवा, असं सांगितलं. मग तेच म्हणाले, "माहं नाव घेऊन सांगा सगळ्याइले. लाज कायची?"

काही नातेवाइकांनी तोवर फाईल उघडली होती. त्यांचे फोन मी वर्गात बसून साफ केले. लग्न ठरल्याप्रमाणे लागलं. मोठेबाबांनी मला बोलावलं नाही. व्याह्यांनी आग्रहानं बोलावलं. मी गेले, वराकडच्या पंगतीत बसून पोटभर जेवले. मोठेबाबांनी पाहिलं आणि मान वळवली.

ते अजून बोलत नाहीत. त्याचं वाईट वाटतं. आई म्हणते, जाऊन पाया पड, मिटून जाईल. दिवाळीला पडेन, वडीलधारे आहेत. पण त्या मेसेजसाठी नाही पडणार.