मी केलेले विष्णूकाका

बाबांचा फोन आला तेव्हा मी विष्णूकाकांचाच व्हिडिओ दाखवत होतो. दिवाळीची सुट्टी संपून दोनच दिवस झाले होते. बुलढाण्याला आमच्या कॉलेजच्या जुन्या हॉलमध्ये एकांकिकेची तालीम होती आणि माझ्या मोबाईलभोवती सात-आठ जण वाकून उभे होते. व्हिडिओत काका अमडापूरला आमच्या दुकानाच्या ओट्यावर बसून मागे-पुढे डोलत होते. “भारी आहे रे हे,” कोणीतरी म्हणालं. तेवढ्यात स्क्रीनवर बाबांचं नाव आलं आणि काका थांबले... म्हणजे व्हिडिओ थांबला. बाबा म्हणाले, “नित्या, विष्णूले बुलढाण्याले घेऊन राह्यलो. पोट फुगलं त्याचं. तू दवाखान्यात ये.” मी पोहोचलो तोवर त्यांना आत नेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. त्रेचाळीस वर्षांचे होते. डॉक्टर बाबांना म्हणाले, “अपेंडिक्स फुटून दोन-तीन दिवस झालेले आहेत. त्याआधीही किती दुखलं असेल. तुम्हाला काहीच कसं दिसलं नाही?” बाबा माझ्याकडे बघत होते आणि मी फरशीकडे. दिसलं होतं. माझ्या खिशात चार मिनिटांचा व्हिडिओ होता.

आज त्या गोष्टीला सहा आठवडे झाले. मी कधी असं काही लिहिलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, त्यामुळे लिहिण्याचं काम माझ्याकडेच येतं, अर्जापासून ते गावच्या ग्रुपवरच्या श्रद्धांजलीपर्यंत. श्रद्धांजली मी दोन ओळींत उरकली होती. आणखी एक सांगतो. घरात आम्ही सगळे काकांना अरे-तुरेच करायचो, मीसुद्धा. इथे ‘ते’, ‘त्यांना’ असं लिहितो आहे. हा मान मी त्यांना मेल्यावर देतो आहे, हे मला कळतं.

विष्णूकाका बाबांचे धाकटे भाऊ. बाजाराच्या रस्त्याला आमचं टेलरिंगचं छोटं दुकान आहे. बाबा कापतात आणि शिवतात, काका काजं करायचे. काज-बटणाचं मशीन आता चिखलीला सगळ्यांकडे आहे, पण आमच्याकडे काज हातानेच व्हायचं. मेणातून ओढलेला दोरा, बारीक सुई, आणि एका सदऱ्याला अर्धा दिवस. बाबा वैतागायचे, पण मशीन घेतलं नाही. काका कोणाच्या डोळ्यांत बघत नसत. समोरचा बोलायला लागला की ते त्याच्या शर्टाची शिवण बघत. लग्नाची वरात दुकानावरून गेली की कानांत बोटं घालून कपाटामागे जाऊन बसत. नवीन कापड आलं की चिमटीत धरून चोळत राहत, हसत. बोलणं कमी, आणि जे बोलायचं ते एकदाच. गावात त्यांना भोळा म्हणायचे, कोणी येडा म्हणायचे. काका ऐकून घ्यायचे.

दुकानात एकच गोष्ट पूर्ण त्यांच्या ताब्यात होती, ती म्हणजे मापाची वही. बाबा फीत लावून आकडे सांगत आणि काका लिहीत. छाती, कंबर, बाही, आणि शेवटी कपड्यात सांभाळायचं ते: ‘डावा खांदा उतरता’, ‘पोट पुढे’, ‘मान जाड, कॉलर मोठी’. कापायच्या वेळी काका वाचत आणि बाबा कापत. वहीत खाडाखोड चालायची नाही. माणूस जाडा झाला तर खाली नवीन ओळ, पण जुनी ओळ तशीच. एकदा बाबांनी घाईत एक आकडा खोडला, तर काकांनी ते सगळं पान नवीन कागदावर उतरवून काढलं आणि चिकटवलं, मगच जेवले. “लिहिलं ते लिहिलं,” एवढंच म्हणाले.

मी दहावीत असताना टीव्हीवर एक सिनेमा लागला होता. त्यातला माणूस काकांसारखाच खाली बघायचा, एकटाच पुटपुटायचा, पण मोठमोठे गुणाकार चुटकीसरशी करायचा आणि शेवटी सगळ्या घराचा उद्धार करायचा. दुसऱ्या दिवशी बाजार होता. शेजारचे सलूनवाले किसनभाऊ चार गिऱ्हाइकं घेऊनच ओट्यावर आले.

“विष्णू, सतरा गुणिले एकोणीस किती होतेत बे?”

काकांनी सुई थांबवली, किसनभाऊंच्या शर्टाकडे बघितलं. “तिसरं बटण हाललं तुह्यावालं.”

“ते राहू दे. हे सांग, पुढच्या वर्षी पोळा कोणत्या वारी येते?”

“काढून दे. लावून देतो.”

सगळे खूप हसले. किसनभाऊ बाबांना म्हणाले, “तुह्यावाला नुसता फुकटचाच निघाला राजा, त्याच्यात काहीच नाही.” बाबाही हसले. मीही हसलो असेन. काका सुई धरून बटण मिळायची वाट बघत राहिले. मला आठवतं, रात्री जेवताना मी त्यांना गुपचूप सोपा पाढा विचारून पाहिला होता. मला खरंच वाटत होतं की काहीतरी असेल, आपण शोधलं नसेल.

कॉलेजला आल्यावर त्या गोष्टीला एक शब्द आहे हे कळलं. होस्टेलवर मोबाईलवर एक मालिका बघताना ‘ऑटिझम’ ऐकलं, मग लायब्ररीत ‘स्वमग्नता’ वाचलं. काकांना कोणी तपासलं नाही, म्हणून मी डॉक्टरासारखं काही म्हणू शकत नाही. पण वाचताना पानोपानी काका दिसत होते. मला आनंद झाला. आता वाटतं, तो आनंद काकांसाठी नव्हता. माझ्याकडे काहीतरी आहे, याचा होता. नाटकाच्या ग्रुपमध्ये मी पहिलं वर्षभर नुसत्या सतरंज्या उचलल्या. तोंड उघडलं की ‘मले’ यायचं आणि पोरं ‘मले, मले’ करायची. दुसऱ्या वर्षी समीरदादाने, तो आमचा दिग्दर्शक, एक एकांकिका लिहायला घेतली. नायक ऑटिस्टिक. तो विचारत होता, कोणी असं माणूस जवळून पाहिलंय का. मी हात वर केला.

“काय येतं रे तुझ्या काकांना?” समीरदादाने विचारलं. “म्हणजे असतंच ना अशा लोकांकडे काहीतरी.”

“काजं करतात.”

“काज स्टेजवरून दिसत नाही, राजा.” तो काही वाईट बोलला नाही. खरंच दिसत नाही. म्हणून आमच्या नायकाला गुणाकार आले. शेवटी पुतणीला आगीतून वाचवताना तो मरतो आणि भांडणारे दोघे भाऊ त्याच्या प्रेताजवळ एक होतात. “तो मेल्याशिवाय हॉल रडत नाही,” समीरदादा म्हणाला. मी मान डोलावली. मी पाहिलेल्या सगळ्या सिनेमांत असंच होतं. असा माणूस एकतर सगळ्यांहून हुशार असतो, नाहीतर दुसऱ्यांना चांगलं करून निघून जातो. दोन्ही जमत नसेल अशा माणसाचं काय करायचं, हे मला कोणी दाखवलं नव्हतं. भूमिका मलाच मिळाली, कारण ते डोलणं मलाच जमत होतं. काका वर्षातून दोन-तीनदा असे डोलायचे. ओट्यावर मांडी घालून, उजवा हात कमरेच्या जरा वर दाबून, मागे-पुढे, मागे-पुढे. घरात म्हणायचे, विष्णूचं सुरू झालं. एक-दोन दिवसांनी आपोआप थांबायचं. मी लहानपणापासून बघत आलो होतो, हातासकट पाठ होतं.

स्पर्धेच्या प्रयोगाला बाबा काकांना घेऊन आले. अमडापूरहून चिखली, चिखलीहून बुलढाणा, एसटीने. काका शेवटच्या रांगेत टाळ्यांच्या वेळी कानांत बोटं घालून बसले होते. मला अभिनयाचं पहिलं बक्षीस मिळालं. प्रयोग संपल्यावर मेकअपच्या खोलीबाहेर काका माझ्याजवळ आले आणि माझ्या पोटाला उजवीकडे दोन बोटं लावली, जशी शिवण तपासायला लावायचे तशी.

“दुखते का?”

“नाही बे काका. नाटक होतं ते.”

“दुखते,” ते म्हणाले. “असं तवाच करतेत.”

मागे उभी असलेली पोरं हसली. समीरदादाने माझ्या पाठीवर थाप मारली. “त्यांना खरं वाटलं! याहून मोठं बक्षीस नाही, नित्या.” मीही हसलो. काकांना नाटक कळलं नाही, असं आम्ही सगळ्यांनी ठरवलं. मी त्यांना कँटीनमधून चहा आणून दिला, त्यांनी तो घेतला नाही, माझ्यापुढेच सरकवला. “तू घे. गरम घे.”

दिवाळीत घरी गेलो तेव्हा एकांकिका पुढच्या फेरीत गेली होती. समीरदादाने सांगितलं होतं, अजून बारकावे आण. बाबांनी नवी पँट शिवून ठेवली होती, ती कमरेत दोन इंच सैल निघाली. मी कुरकुर केली तर बाबा म्हणाले, “विष्णूनं वाचलं तेवढं कापलं. पट्टा लाव.” भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी काकांचं डोलणं सुरू झालं. आईने ओव्याचं पाणी दिलं. गावातल्या डॉक्टरांनी विचारलं, दुखतं का, तर काका त्यांच्या खिशाची शिवण बघत राहिले. मग गॅसची गोळी दिली. काका दोन दिवस जेवले नाहीत. मी समोरच्या पायरीवर बसून मोबाईल धरला. ऊन चांगलं होतं. मध्येच काकांनी मान वर करून मोबाईलकडे बघितलं, आणि पुन्हा डोलायला लागले. मला तो क्षण फार आवडला होता. मी तो व्हिडिओ त्याच दिवशी नाटकाच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, ‘ओरिजिनल’. संध्याकाळच्या गाडीने बुलढाण्याला निघून आलो.

काकांच्या मरणाने आमच्या घरात कोणी एक झालं नाही, कोणी शहाणं झालं नाही. बाबा सगळ्यांवर चिडतात. आई ओव्याचा डबा फळीवर मागे सारते. किसनभाऊ तेराव्याला आले आणि म्हणाले, “सुटला बिचारा.” मी नाटक सोडलं. समीरदादाला सगळं सांगितलं तेव्हा खरंच त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग हळूच म्हणाला, “हे एकांकिकेत घेतलं तर?... नको म्हणत असशील तर राहू दे.” मी नको म्हणालो, म्हणून त्याने ते एकांकिकेत घेतलं नाही. पण प्रयोग झाला, तारीख ठरलेली होती. माझ्या जागी दुसरा मुलगा उभा राहिला. कोणीतरी मला त्याची क्लिप पाठवली. तो माझ्याहून चांगला डोलतो. व्हिडिओ बघून बसवलंय त्याने. हात बरोबर जागेवर आहे. हॉल टाळ्या वाजवतो आहे.

मागच्या रविवारी मी घरी गेलो होतो. आता वही वाचायला कोणी नाही, म्हणून बाबांनी मला बसवलं. काम संपल्यावर म्हणाले, “तुही ती पँट सैल झाली ना? आण, आत घेऊन देतो. माप काढ.” मी माझं पान काढलं. पहिलीतल्या गणवेशापासूनच्या ओळी, एकही खोडलेली नाही. ‘हात लांब.’ ‘उजवा खांदा उतरता.’ शेवटच्या ओळीवरची तारीख काका बघायला आले होते त्या प्रयोगाच्या दुसऱ्या दिवसाची होती. त्या दिवशी मी गावात नव्हतो, माझं माप कोणी घेतलेलं नव्हतं. आकडे वरच्या ओळीतलेच उतरवले होते, आणि पुढे काकांच्या उभ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘पोट दुखते. कंबर सैल ठेवणे.’

“वाच ना,” बाबा कात्री घेऊन म्हणाले.

मी वाचलं. काका वाचायचे तसंच, एका सुरात. मग मेकअपच्या खोलीबाहेरचं सांगितलं, काका काय म्हणाले होते आणि आम्ही कसे हसलो ते. पायरीवरचा व्हिडिओही सांगितला. बाबांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी कात्री खाली ठेवली आणि ओट्याकडे बघत बसले. काकांची सुई अजून तिथल्या मेणाच्या गोळ्यात टोचलेली आहे. बऱ्याच वेळाने त्यांनी पँटची घडी केली आणि माझ्याकडे दिली.

“त्यानं लिहिलं ना? मंग तशीच राहू दे.”

हे लिहितानाही मी तीच पँट घातली आहे. पट्टा लावत नाही. उठलो की एका हाताने धरावी लागते, उजव्या बाजूने, कमरेच्या जरा वर.