एकदम काढायचं बटण

हिंजवडीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी कामाला होते. सोसायट्यांच्या गेटसाठी आम्ही एक अ‍ॅप बनवायचो. घरकामाच्या बायका, ड्रायव्हर, दूधवाले, सगळ्यांची नोंद त्यात असायची. बाईनं गेटवर बोट लावलं की हिरवा दिवा लागायचा आणि आत जाता यायचं. यादीतून काढलेली असेल तर लाल.

एका दुपारी भूगावच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. त्यांना बऱ्याच बायका काढायच्या होत्या, आणि आमच्या अ‍ॅपमधून एका वेळी एकच बाई काढता यायची. शिवाय दर वेळी 'खात्री आहे का?' असा प्रश्न यायचा. त्याचाच त्यांना वैताग आला होता.

"एक बटण द्या ना मॅडम. सगळ्या निवडल्या, एकदम काढल्या, विषय संपला."

का काढायच्या, असं मी विचारलं. खरं तर तो माझा प्रश्न नव्हता, पण ते मोकळेपणानं बोलले. "अहो, क्लब हाऊसचं वॉशरूम वापरायला लागल्यात!"

डोंगराकडच्या एका वाडीतल्या बायका होत्या त्या. सकाळी यायच्या, दुपार टळेपर्यंत चार-पाच घरं करायच्या. ज्या घरांचे संडास त्या घासायच्या, तिथं त्यांना बसायची मुभा नव्हती. कुंपणामागच्या रिकाम्या प्लॉटवर जायच्या. त्या प्लॉटला बिल्डरनं पत्रे ठोकले, तेव्हा त्यातली एक जण क्लब हाऊसमध्ये गेली. ती बाहेर पडताना कुणीतरी फोटो काढला आणि रहिवाशांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी सगळ्या बायका मिळून कमिटीकडे गेल्या आणि आम्हाला एक संडास द्या म्हणाल्या. कमिटीनं सगळ्यांनाच काढायचं ठरवलं.

सेक्रेटरींनी ग्रुपवरच्या त्या फोटोचा स्क्रीनशॉट मलाही पाठवला. पदरानं तोंड पुसत दारातून बाहेर येणारी एक बाई. खाली नाक मुरडलेल्या, ओकारी काढणाऱ्या इमोजी चेहऱ्यांची रांग. मी डबा उघडून बसले होते. तो तसाच बंद केला.

टीम लीडला म्हटलं, "हे आपण करायचं?" तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "आपण फीचर देतो. कुणाला काढायचं ते क्लायंट बघेल." मी नको म्हटल्यावर त्यानं ते काम माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाला दिलं. त्यानं संध्याकाळपर्यंत बटण करून दिलंसुद्धा.

त्या कोडमध्ये चूक होती, आणि ती नवशिक्यांकडून हमखास होते. आमच्या प्रोग्राममध्ये प्रत्येक बाई म्हणजे एक ऑब्जेक्ट, तिच्या माहितीची एक नोंद, आणि सगळे ऑब्जेक्ट एका लिस्टमध्ये ओळीनं लावलेले. त्या मुलानं लूप, म्हणजे एकेक जागा तपासत जाणारी फेरी, पहिल्या जागेपासून चालवला. तिसऱ्या जागेवरची बाई काढली की चौथीवरची सरकून तिसरीवर येते. लूप मात्र चौथ्या जागेकडे जातो, त्यामुळे सरकून आलेली तपासलीच जात नाही. शेवटून सुरुवात केली असती, किंवा अट देऊन सगळ्या एकदम काढायला सांगितलं असतं, तर हे झालं नसतं. वाडीतल्या बायकांची नोंद एकाच दिवशी, एकीमागून एक झाली होती. त्यामुळे एक आड एक बाई निघाली आणि शेजारची राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरींचा संतापलेला फोन. त्यांच्याशी आधी मीच बोलले होते म्हणून टीम लीडनं मला कॅबनं भूगावला धाडलं.

गेटवर बायकांचे दोन घोळके झाले होते. एक जाळीच्या आत, एक बाहेर. बाहेर उभी असलेली एक पोक्त बाई आतल्या तरुण बाईला फाडून खात होती. त्या दोघी जावा-जावा आहेत हे मला वॉचमननं सांगितलं.

"माजं बोट लाल आन तुजं हिरवं? तूच सांगितलंस मी तितं गेलते म्हून!"

"न्हाई ओ आक्का, पोरांची आन! मी कुनालाच बोलले न्हाई!"

"मंग तुला का सोडलं? सांग की, का सोडलं?"

धाकटी रडत होती. तिच्याबरोबर आत गेलेल्या बायका खाली माना घालून उभ्या होत्या. बाहेरच्या त्यांच्याकडे थुंकल्यासारखं बघत होत्या. फोटोतली बाई ती थोरलीच होती.

सेक्रेटरी क्लब हाऊसमध्ये वाट बघत बसले होते. "काय हा गोंधळ! अर्ध्या आतच राहिल्या. आधी सगळ्या काढा, मग बोला." मग एकदम आर्जवी झाले. "लांबून आलात, फ्रेश व्हा. वॉशरूम तिकडं आहे."

मी दार ढकललं. पांढरी फरशी, सुगंधी वडी, घडी घालून ठेवलेले नॅपकिन. कुणाची चाहूल नाही. मी पाण्यालाही हात न लावता बाहेर आले, आणि सेक्रेटरींकडे न जाता सरळ गेटवर गेले.

"मी अ‍ॅपच्या कंपनीतून आलेय," मी थोरलीला म्हटलं. "कुणी चुगली केलेली नाही. तुम्हा सगळ्यांनाच काढायचं ठरलं होतं. मशिनच्या चुकीनं निम्म्या राहिल्यात. दुपारपर्यंत त्याही जातील."

ती माझ्याकडे बघत राहिली. "सगळ्यास्नीच?"

"सगळ्यांनाच."

"का? संडास मागितला म्हून?"

मी मान हलवली. ती जाळीशी जाऊन धाकटीला म्हणाली, "ये भाईर. चल." धाकटी डोळे पुसत बाहेर आली, मागून बाकीच्याही आल्या. वॉचमननं कुणाला अडवलं नाही. जाताना थोरलीनं माझा नंबर मागून धाकटीच्या फोनमध्ये घालून घेतला.

सेक्रेटरींनी माझ्यादेखतच टीम लीडला फोन लावला. "तुमची बाई आमच्या बायकांना भडकवते!" परत येताना कॅबमध्ये मला भीती वाटत नव्हती, शिसारी आली होती. त्या माणसाची, त्या फोटोखालच्या चेहऱ्यांची, आणि ज्या खुर्चीकडे मी परत निघाले होते तिचीसुद्धा.

कोड त्याच दुपारी दुरुस्त झाला. मला ग्राहकांशी कसं बोलावं यावर एक मेल आला आणि दुसऱ्या कामावर टाकलं गेलं. महिन्याच्या मीटिंगमध्ये ते बटण पडद्यावर झळकलं. 'एका क्लिकमध्ये स्वच्छ यादी.' आणखी काही सोसायट्यांनी ते मागितलंय, असं टीम लीडनं सांगितलं. टाळ्या वाजल्या. मी उठून बाहेर गेले. पुढे ती नोकरीही सोडली.

सोसायटीत भांडी साठत गेली तशी कमिटी नरमली. काही बायकांना घरोघरच्या मॅडमनी फोन करून परत बोलावलं. पुन्हा नोंदीसाठी एकेकीचा फोटो, एकेकीचं बोट. थोरली गेली नाही. ती जांबे गावात पोरांच्या एका मेसमध्ये पोळ्या लाटायला लागली. हे सगळं मला धाकटीनं फोनवर सांगितलं. ती परत गेली होती.

"आणि संडास?" मी विचारलं.

"दिलाय की. पंपाच्या खोलीमागं. पन किल्ली वॉचमनकडं आसती. बाप्या मानसाकडं सारकं सारकं कसं मागायचं ओ ताई? मी आपली घरी जाईपातूर पानीच पीत न्हाई."