देवीच्या कपाळावरचा थर

आमच्या अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या हेमलताबाई सबनीस म्हणजे शिस्तीचा कहर. म्युझियममध्ये वीस वर्षं फुकट गाइड आहेत आणि मूर्तीला कुणाचं बोट लागलं की प्रोफेसरांनाही झापतात. घरी मात्र दर शुक्रवारी देव चिंचेनं असे घासतात, की त्यांच्या बाळकृष्णाला आता नाकच उरलेलं नाही. हे मी गावभर सांगितलं आहे.

परवा म्युझियमच्या वर्कशॉपमध्ये टेबलावर जुनी पितळी देवी होती. तिच्या कपाळावर तांबडा-काळा थर साचला होता. मूर्ती साफ करणारी अनिका, इथेच जन्मलेली मराठी पोर, केमिकलमध्ये बुडवलेला कापूस त्या थराशी नेत होती. तेवढ्यात बाईंनी देवीच्या कपाळावर आपला तळवा ठेवला. हातमोजा न घालता!

“काकू, प्लीज, हात काढा! मला रिपोर्ट करावा लागेल.”

“कर. हा मळ नाही, कुंकू आहे. कितीतरी बायकांनी रोज लावलेलं. एकदा पुसलंस की गेलं.”

“पण घरी तर तुम्ही देव घासता. सगळे सांगतात.”

बाईंनी तिथल्या तिथे माझ्या नावानं बोटं मोडली असणार.

“घासते. आणि लगेच नवं कुंकू लावते. इथे कोण लावणार गं?”

अनिकानं हात मागे घेतला. कापसातून एक थेंब टेबलावर पडला. मग तिनं कापूस बाजूला ठेवला, फॉर्मवरचा ‘मळ’ खोडून ‘कुंकू, काढू नये’ असं लिहिलं. खाली आणखी एक ओळ लिहिली: गाइडनं मूर्तीला हात लावला.

बाईंनी दोन्ही ओळी वाचून सही केली. आता महिनाभर त्यांना म्युझियम बंद, त्या घरीच आहेत. मला बाळकृष्णाची काळजी वाटते.