बाबांनी निवडलेली जपानची हॉटेलं

मी जपानला कधी गेलेले नाही. पासपोर्टसुद्धा मागेच संपला. पण टोकियोत कुठल्या गल्लीत, कुठल्या जिन्याखाली आठ खुर्च्यांचं हॉटेल आहे, आणि तिथे अत्तर लावून गेलं तर दारातूनच परत का पाठवतात, हे मला झोपेतून उठवून विचारा, सांगेन. पवईच्या एका ट्रॅव्हल कंपनीत माझं तेच काम. ज्यांना जपानला जाऊन भारी जेवायचंय त्यांना जागा मिळवून द्यायची.

जागा सहज मिळत नाही. महिनाभर आधी बुकिंग उघडतं आणि पाच मिनिटांत भरतं. त्यात आपली माणसं. घाटकोपरच्या एका कुटुंबाला मासा नको, कांदा नको, लसूण नको, आणि जेवायचं मात्र मासळीच्याच हॉटेलात, का तर मेहुणा तिथे जाऊन आलाय. तिथल्या वाटीवाटीत सुक्या माशाचं पाणी असतं, आता काय बोलणार? मी मोडक्या जपानीत फोन केला. नाही म्हणण्याआधी त्या माणसाने एवढी माफी मागितली, एवढी मागितली, की शेवटी मलाच ओशाळल्यासारखं झालं.

हा किस्सा बाबांना फार आवडला. ते हसले, पण आवाज आला नाही. घशाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर त्यांचं बोलणं गेलं होतं, गिळणंही. दहिसरच्या वन रूम किचनमध्ये आम्ही दोघंच. गिरणी बंद पडल्यावर बाबा वीस वर्षं एका कॅन्टीनमध्ये मासे रांधत होते, आणि आई गेल्यापासून घरचं जेवणही तेच करत. आता मी त्यांना सिरिंजने नाचणीची गाळलेली पेज भरवायचे. भरवायचे कसलं, नाकातल्या नळीत सोडायचे.

रोज संध्याकाळी त्याला वीस मिनिटं लागत. तेवढ्या वेळात बोलायचं काय, म्हणून मी दिवसभरात बुक केलेली जेवणं सांगायला लागले. बाबा आधी पाटीवर लिहायचे, ‘सीट गावली?’ मिळाली म्हटलं की मान डोलवायचे, नाही म्हटलं तर चेहरा पाडायचे, जसं काही तेच निघाले होते. मग मी पहिल्या वाटीपासून सुरू करायचे. चौथ्या-पाचव्या पदार्थाला पाटी पुढे यायची, ‘भात खय?’ भात तिथे शेवटी येतो हो बाबा, लोणचं आणि साराबरोबर. ते कपाळाला हात लावायचे. मालवणी माणसाला भाताआधी आठ वाट्या म्हणजे थट्टाच की.

पुढे त्यांनी एका जुन्या डायरीत यादीच करायला घेतली, कुठे कुठे जायला हवं त्याची. ‘टोकियो, जिन्याखालचा. मालक स्वता मासो कापता. जावक होया.’ ‘क्योटो. भात शेवटाक, तरी जावक होया.’ खेकड्यांच्या हॉटेलापुढे, ‘कानाझावा. कुर्ल्यो सोलून देतत. मगे मजा काय ऱ्हवली? पण जावक होया.’ फुकुओकाच्या विषारी माशाच्या हॉटेलावर मात्र काट मारून शेजारी लिहिलं होतं, ‘मराक कोण जातलो?’ मुंबईच्या बाहेर आयुष्यात फक्त गावी गेलेला माणूस. मला हसू यायला हवं होतं. पण त्या दिवसांत मला काही वाटायचंच नाही. पेज गाळायची, सिरिंज धुवायची, ऑफिस.

एका रविवारी त्यांनी लिहिलं की घरात मासा शिजू दे, निदान वास तरी येईल. मी बांगडे आणले. ते ओट्याजवळ खुर्ची टाकून बसले आणि बोटांनी हुकूम सोडत राहिले. तिरफळं किती, कोकम कधी, आच कमी कर. तिखलं उकळलं. त्यांनी डोळे मिटून वास घेतला आणि पाटीवर लिहिलं, ‘एक घोट दी गो, चेडवा.’

“बाबा, नको ना. डॉक्टरांनी सांगितलंय. फुप्फुसात गेलं तर वाट लागेल.”

त्यांनी शर्टाच्या बाहीने पाटी पुसली. थोड्या वेळाने पुन्हा लिहिलं, ‘मीठ बरोबर आसा?’ मी चमच्याने चाखलं आणि बरोबर आहे म्हणाले. मग ओट्याशीच उभी राहून, त्यांच्याकडे पाठ करून, तिखलं-भात जेवले. भूक लागली होती.

त्यानंतर त्यांनी कधी मागितलं नाही. तीन आठवड्यांनी गेले. फुप्फुसात संसर्ग झाला, असं डॉक्टर म्हणाले. घोट न देताही झाला. चौदाव्या दिवशी मी कामावर गेले. सगळे म्हणाले, किती खंबीर आहे. खंबीर कसली, बधिर होते.

परवा साहेबांनी सांगितलं की माहितीपत्रकासाठी यादी दे, जपानमध्ये जेवायला जाण्यासारखी दहा ठिकाणं. एवढी वर्षं तेच करतेय, पण एक नाव सुचेना. घरी येऊन बाबांची डायरी काढली आणि त्यांचं ‘जावक होया’ बघून दहा नावं भराभर टाईप केली. दहावं झाल्यावर पान उलटलं. पुढे अकरावं होतं. अक्षर तसंच, तारीख त्या रविवारची.

‘दहिसर. आपला घर. बांगड्याचा तिखला. चेडू स्वता रांधता. जावक होया. सीट गावली नाय.’

दहा नावं मी साहेबांना पाठवून दिली. डायरी मिटली आणि तिथेच बसून राहिले. सीट नाही म्हणताना ते लोक केवढी माफी मागतात. मी बाबांची एकदाही मागितली नाही.