शेंड्याचा मणी गोड होईपर्यंत

मंडळी, आज सकाळी लेकीने अभ्यास करताना 'हेडलाँग' या इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारला. डिक्शनरीत निघालं: घाईघाईने, मागचापुढचा विचार न करता. मूळ अर्थ, डोकं पुढे करून कोसळणं.

तासाभरात आमच्या सायखेड्याच्या बागेत द्राक्षांचा व्यापारी आला. घडाच्या वरचा मणी खाऊन म्हणाला, "ताई, लय गोड हाय. आजच तोडू. आभाळ आलंय."

घड वरून खाली पिकत जातो. मी त्याला त्याच घडाच्या खालच्या टोकाचा, शेंड्याचा मणी दिला. त्याचं तोंड वाकडं झालं.

"उद्या गाडी मिळायची नाय," तो म्हणाला.

लेकीचा सकाळचा शब्द आठवून मी म्हणाले, "नाही मिळाली तरी चालेल."

आभाळाची भीती मलाही वाटतेच. पण शेंडा गोड झाल्याशिवाय माझ्या बागेत कात्री लागणार नाही.

तुम्ही द्राक्षं घेताना कुठला मणी चाखता?